फाटक्या कानाचा कर्नल

मित्रांनो, मी एक जुना बोकड आहे आणि मला बोलता येते. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठेसे, टीव्हीवर हल्ली सगळेच प्राणी बोलतात. बोलतात खरे. पण आम्ही बोलू लागलो तेव्हा टीव्ही नुकताच घराघरांत येत होता. चित्र काळे-पांढरे असायचे, आणि ते थरथरू लागले की घरातले कुणीतरी उठून डब्याच्या डोक्यावर सणसणीत थाप मारायचे. त्या थापा मी खाल्लेल्या आहेत, म्हणून वडीलकीने चार शब्द बोलायचा मला अधिकार आहे.

माझे नाव कर्नल थिसल. थिसल हे एक काटेरी झुडूप, आमच्या जातीचे आवडते खाणे. लॉस एंजेलिसमध्ये एका मोटार दुरुस्तीच्या दुकानावर छोटासा स्टुडिओ होता, तिथे माझा जन्म झाला. मी वाळवंटातल्या एका स्टेशनाचा मास्तर. त्या स्टेशनात गाडी कधीच थांबत नसे, कारण वेळापत्रक मी खाऊन टाकले होते. मला ऐटदार दाढी होती, गळ्यात रुमाल होता, आणि एक कान फाटलेला होता. तुम्ही टीव्हीसमोर बसलात की तुमच्या डाव्या हाताला येतो, तो कान. हे नीट ध्यानात ठेवा. या कानावरून पुढे मोठे भांडण झाले.

आता माझ्या घडणीबद्दल थोडे सांगतो, आणि काहीही लपवत नाही. सिनेमाघरांत दिसणारे चित्रातले प्राणी म्हणजे श्रीमंत घरची लाडावलेली मुले. त्यांच्या एकेका उडीसाठी ढीगभर चित्रे काढली जात. आम्हा टीव्हीवाल्यांना दर आठवड्याला नवी गोष्ट घेऊन हजर व्हावे लागे, तेवढी चित्रे काढणार कोण? म्हणून आमच्या लोकांनी एक युक्ती केली. माझे धड एका पारदर्शक पानावर एकदाच रंगवायचे आणि तसेच ठेवून द्यायचे. डोके दुसऱ्या पानावर, तोंड तिसऱ्या पानावर. धड जागचे हलत नसे. हलायचे ते डोके आणि तोंड. डोके जिथे धडाला जोडले जाई ती रेघ दिसू नये म्हणून गळ्यात रुमाल. लोकांना वाटे, बोकड मोठा शौकीन आहे. अहो, तो रुमाल म्हणजे माझ्या अंगावरचे ठिगळ होते! पण ठिगळसुद्धा रुबाबात बांधता आले पाहिजे, आणि ते मला येत असे.

मोठ्या स्टुडिओतले लोक आम्हाला हसत. "तुमचा बोकड आहे की बोलणारं पोस्टाचं तिकीट?" असे एकाने आमच्या ड्रेक्सलरसाहेबांना भर मेजवानीत विचारले होते. ड्रेक्सलरसाहेब म्हणजे स्टुडिओचे मालक. ते घरी आले ते तणतणतच.

मला आवाज दिला होबार्ट पीबल्सने. हा लांबट चेहऱ्याचा, भला माणूस. त्याला लहानपणापासून दमा होता. चार शब्द बोलला की थांबायचा, श्वास ओढायचा, मग पुढचे चार शब्द. दुसऱ्या कुठल्याही स्टुडिओने त्याला दारातूनच परत पाठवले असते. आमच्या चित्रकारांना मात्र तो फार आवडला, कारण तो थांबला की तेवढा वेळ तोंड काढायला नको! त्याच्या दम्यातूनच माझे ते गाजलेले वाक्य जन्माला आले. प्रत्येक गोष्टीत, कुणी घाई केली की मी म्हणायचो, "थांबा जरा... दम... घेऊ द्या." देशभरातली पोरे शाळेत, जेवणाच्या टेबलावर, आंघोळीला बोलावल्यावर हेच म्हणत. मक्याच्या पोह्यांची कंपनी माझ्या कार्यक्रमाचा खर्च करायची, तिने ते वाक्य खोक्यावर छापले होते.

मला रंगवायची आर्डिथ. माझ्या गोष्टीतले खरे माणूस ती. हातात पातळ पांढरे मोजे घालून ती पान उलटे ठेवायची आणि मागच्या बाजूने रंग भरायची, म्हणजे पुढून रेघ स्वच्छ दिसते. माझी दाढी पिवळसर, जाकीट निळे, रुमाल लालभडक. टीव्हीवर यातले काहीच दिसत नसे, सगळे करडे. तरी तिने कधी रंगात कुचराई केली नाही. ब्रश फिरवता फिरवता ती माझ्याशी बोलत असे. शेजारच्या बायका हसायच्या.

"आर्डिथ, बोकड उत्तर देतो का गं?"

"तुमच्यापेक्षा शहाणं देतो," ती म्हणायची, "आणि मधेच तोडत नाही."

एक गोष्ट सांगायला मला जरा जड जाते. चित्रीकरण झाले की माझी पाने टाकीत बुडवून, धुऊन स्वच्छ करत आणि त्यांच्यावर पुन्हा नवी चित्रे काढत. पान महाग, बोकड स्वस्त. मी इतक्या वेळा धुतला गेलो आहे की कुठल्याही घरच्या चादरीला तेवढे पाणी लागले नसेल. तरी दर आठवड्याला आर्डिथच्या हाताखालून मी पुन्हा उठून उभा राहात असे, त्याच ऐटीत. मला याचा अभिमान वाटतो.

आता लेनोरकडे वळतो.

लेनोर ही आर्डिथच्या बहिणीची मुलगी. शाळेत जायचे वय झाले आणि नेमका त्याच उन्हाळ्यात तिला पोलिओ झाला. पाय तर गेलेच, पण छातीतले बळही गेले. श्वास घेता येईना. मग तिला त्या लोखंडी टाकीत ठेवले. मित्रांनो, तुम्ही ती पाहिली नसेल, आणि पाहायची वेळ तुमच्यावर न येवो. आडव्या पिंपासारखी टाकी, अख्खे शरीर आत, आणि एका टोकाला रबरी गळपट्ट्यातून फक्त डोके बाहेर. टाकी हवा ओढते तेव्हा छाती फुगते, टाकी हवा सोडते तेव्हा छाती बसते. हुश्श आणि फुस्स, दिवसरात्र. तोंडावर एक आरसा तिरपा बसवलेला, मागचे जे काही बघायचे ते त्या आरशात.

इस्पितळाच्या त्या दालनात अशा टाक्यांची रांग होती. शेवटच्या भिंतीशी, मुलांच्या डोक्यांमागे, उंच फळीवर टीव्ही ठेवला होता. म्हणजे ती मुले मला आरशात बघत. मी त्यांना सरळ बघत होतो.

लेनोर बोलायची बंद झाली होती. तिला बोलता येत नव्हते असे नाही. पण टाकी हवा सोडेल तेवढ्यातच बोलायचे, मग वाक्य अर्ध्यात तुटायचे, टाकी पुन्हा छातीत हवा भरेपर्यंत समोरच्याने ताटकळायचे. एकदा भेटीला आलेल्या कुण्या बाईंनी दयेने तिचे वाक्य स्वतःच पुरे केले, तेही चुकीचे. त्या दिवसापासून लेनोरने ओठ मिटले. आई रविवारी लांबून यायची आणि डोळे पुसत जायची. आर्डिथ दर गुरुवारी, माझ्या कार्यक्रमाच्या संध्याकाळी यायची, टाकीला टेकून बसायची आणि एकटीच बोलायची.

अशाच एका गुरुवारी स्टेशनावर एक उतावळा ससाणा येऊन माझ्यावर खेकसत होता. मी मान उडवली आणि म्हणालो, "थांबा जरा... दम... घेऊ द्या."

टाकीने फुस्स केले, आणि लेनोर म्हणाली, "थांबा जरा."

हुश्श.

"दम."

हुश्श.

"घेऊ द्या."

आर्डिथच्या हातातली पर्स खाली पडली. शेजारच्या टाकीत बर्निस होती, सोळा वर्षांची, जिभेने तिखट. ती म्हणाली, "अगं बाई! मुकी बोलली... आणि बोलली तेही... बोकडासारखं!"

"तू पण... बोकडासारखीच... बोलतेस," लेनोर म्हणाली.

बर्निसने डोळे वटारले. मग मोठ्याने म्हणाली, "खरंच की! आपण सगळेच... कर्नल!"

त्या दिवसापासून ते अख्खे दालन कर्नल झाले. जी पोरे तुटक बोलायला लाजत होती ती मुद्दाम माझ्यासारखी बोलू लागली, आणि श्वासाला थांबावे लागले की मान उडवून ऐट करू लागली. टालबटबाई म्हणून एक थोराड नर्स होत्या. त्यांनी औषध आणले की सगळीकडून एकच कालवा, "थांबा जरा... दम... घेऊ द्या!" बाई म्हणत, "या बोकडाला एकदा माझ्या तावडीत द्या, त्याची दाढीच उपटते." पण गुरुवारी टीव्ही लावायला त्याच आधी धावत.

आर्डिथने हे होबार्टला सांगितले. त्या सुमारास पोह्यांच्या कंपनीचे लोक त्याच्या मागे लागले होते की जरा भरभर बोल, जमत नसेल तर दुसरा माणूस बघू. होबार्ट बिचारा वाफ घेऊन घेऊन भरभर बोलायची तालीम करत होता. आर्डिथचे ऐकून त्याने वाफेचे भांडे बाजूला सरकवले.

"म्हणजे माझ्या दम्यासारखं बोलायला मुलांना आवडतं?" त्याने विचारले.

"आवडतं काय, चढाओढ लागलीय त्यांच्यात."

"माझी आई आयुष्यभर मला सांगत आली, लोकांत बोलू नकोस," होबार्ट म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने वाफेचे भांडे घरी नेले आणि कंपनीच्या लोकांना कळवले की कर्नल असाच बोलेल, नाहीतर बोलणार नाही.

बोलू लागल्यावर लेनोरने पहिले काय केले असेल, तर भांडण काढले. आर्डिथने मजेने तिला माझे एक चित्र काढून दाखवले. लेनोरने आरशाखालून ते बघितले आणि नाक मुरडले.

"कान चुकला... मावशी. उजवा फाटलाय... डावा नाही."

"अगं, मी रोज रंगवते त्याला. डावाच आहे."

"तू रंगवतेस... पण बघत नाहीस. मी बघते."

बर्निसला खरा प्रकार कळत होता. ती आरशातून वाचायला शिकली होती, तिला उलटे-सुलटे सगळे ठाऊक. पण ती गंमत बघत गप्प राहिली. आर्डिथही पेचात पडली. दुसऱ्या दिवशी तिने स्टुडिओतले माझे मूळ चित्र काढून पाहिले. डावाच! मग तिची नजर चित्रकाराच्या मेजावर गेली. आमचे चित्रकार मेजावर आरसा ठेवतात, तोंडे वेडीवाकडी करून त्यात बघतात आणि तशी काढतात. त्या आरशात मूळ चित्र दिसत होते, आणि त्यात माझा उजवा कान फाटलेला होता. आता आर्डिथला उलगडा झाला. त्या पोरीने मला एकदाही सरळ पाहिले नव्हते. मलाच काय, आजारी पडल्यापासून डोक्यामागचे काहीच तिने सरळ पाहिले नव्हते.

आणि इथे खरी अडचण होती, मित्रांनो. डॉक्टर म्हणत होते, लेनोरच्या छातीत थोडे बळ परत आले आहे. रोज थोडा वेळ टाकी उघडायची, तिने स्वतःच्या श्वासावर राहायचे, वेळ वाढवत न्यायची. आत्ता जमले तर पुढे ती चाकाच्या खुर्चीत बसेल, घरी जाईल. लांबवत बसले तर छाती टाकीलाच सरावेल आणि ती मुलगी जन्मभर तिथेच राहील. पण लेनोर ऐकत नव्हती. एकदा टाकी उघडली होती तेव्हा छाती वर उचललीच गेली नाही आणि डोळ्यांपुढे अंधार आला. तेव्हापासून टालबटबाईंचा हात कडीकडे गेला की ती किंचाळायची. किंचाळण्यातही दम लागतो, हे तिला कोण सांगणार!

आर्डिथ त्या गुरुवारी आली ती ठरवूनच.

"लेनोर, पैज लाव. कान डावा."

"उजवा."

"आरशातलं नको. आरसा खोटं बोलतो. बाहेर ये, नीट बस आणि समोरून बघ. उजवा निघाला तर मी माझे केस कर्नलच्या रुमालासारखे लाल रंगवते. स्टुडिओतलाच रंग लावीन."

"आणि डावा... निघाला तर?"

"बशीभर लिमा घेवडा खायचा. एक दाणा टाकायचा नाही."

लेनोरला लिमा घेवड्याचा इतका तिटकारा होता की तो दिसला तरी ती डोळे मिटायची. ती बराच वेळ आरशात मला बघत राहिली. मावशी लबाड होती, उत्तर ठाऊक असून तिने पैज लावली होती. पण अशा लबाडीला मी मुजरा करतो.

"ठीक आहे," लेनोर म्हणाली. "पुढच्या गुरुवारी... टाकी उघडा. जाहिरात संपेपर्यंत. मग बंद."

बंद टाकीत नुसते पडून राहणे वेगळे आणि उघड्या टाकीत राहणे वेगळे. बसणे तर अजून फार लांब होते. तरी सुरुवात झाली असती. तो अख्खा आठवडा आर्डिथने मला रंगवताना एक शब्द काढला नाही.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात स्टुडिओत घोटाळा झाला.

आमचा कॅमेरा सांभाळायचा कॅझ. छतापासून खाली टांगलेल्या कॅमेऱ्याखाली तो पानांवर पाने रचायचा, खाली स्टेशन, त्यावर धड, त्यावर डोके, त्यावर तोंड, आणि एकेक चित्र टिपायचा. डोके बदल, टीप. तोंड बदल, टीप. दिवसभर हेच. अशाने त्याला मी दिसेनासा झालो होतो. त्याला दिसायचे ते फक्त पानांच्या कडेचे आकडे. त्या आठवड्यात माझे एकच धड दोन दृश्यांत वापरायचे होते. पहिले दृश्य झाल्यावर धुण्याच्या खोलीतल्या माणसाने झालेल्या पानांचा गठ्ठा उचलला, त्यात माझे धडही गेले. ते धुतले गेले, वाळले, आणि कुणीतरी त्यावर निवडुंग काढून मोकळे झाले. इकडे कॅझ डोक्यांचे आकडे जुळवत राहिला. सगळे आकडे बरोबर जुळले. फिल्म धुऊन आली आणि वेळ नाही म्हणून कुणी न बघता थेट पुढे गेली.

गुरुवारची संध्याकाळ झाली. मी डब्यात शिरलो. समोर टाक्यांची रांग, आरशांत मुलांचे डोळे. लेनोरच्या टाकीशी टालबटबाई उभ्या होत्या, आर्डिथ तिच्या डोक्याशी. पहिले दृश्य संपून पोह्यांची जाहिरात सुरू झाली आणि बाईंनी कडी काढली. टाकीचा जबडा उघडला, हवेचा आवाज थांबला. ती शांतता फार वाईट होती.

लेनोरचे ओठ पांढरे पडले. छाती थोडी उचलली, बसली. पुन्हा थोडी उचलली. तिचे डोळे आरशात माझ्यावर खिळलेले.

"संपली जाहिरात?" तिने नुसते ओठ हलवून विचारले.

"संपत आली, राणी," आर्डिथ म्हणाली.

जाहिरात संपली. बाईंचा हात कडीवर गेला. आणि तेवढ्यात मी पडद्यावर आलो.

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली म्हणून सांगू! स्टेशन होते, बाक होते, घंटा होती. बाकाच्या वर, हवेत, रुमाल बांधलेले माझे नुसते डोके. खाली काही नाही! आणि त्या दृश्यात मी ससाण्याला छाती ठोकून सांगत होतो, "माझ्या अंगात... अजून... खूप जोर आहे!" छाती कुठे होती ठोकायला? मला धरणीने पोटात घ्यावे असे वाटले. एवढ्या वर्षांची ऐट एका संध्याकाळी धुळीला मिळाली, असे मला वाटले.

सगळ्या आरशांतले डोळे मोठे झाले. मग बर्निस ओरडली, "अगं! कर्नलला... टाकीत घातलं!"

"त्याची टाकी... दिसत नाहीये!" दुसरीकडून कुणीतरी म्हणाले.

"कशी दिसेल... खाल्ली असेल त्याने!"

आणि तो गळपट्ट्यासारखा रुमाल आणि वरचे डोके बघून सगळ्या गळपट्ट्यांतली सगळी डोकी हसू लागली. टाकीत हसणे सोपे नसते. टाकी सोडेल तेवढेच हसायचे, मग थांबायचे, मग उरलेले हसायचे. सगळीकडून तुटक तुटक हसण्याच्या लाटा येत होत्या. आणि त्यांत एक हसणे सलग होते.

ते लेनोरचे होते. तिची टाकी उघडीच होती.

टालबटबाई कडीवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. त्यांना बंद करायचे सुचेना, की त्यांनी मुद्दाम केले नाही, ते मला माहीत नाही. लेनोर हसत होती, खोकत होती, पुन्हा हसत होती. छाती आपोआप वरखाली होत होती, आणि तिचे त्याकडे लक्षच नव्हते. मी पडद्यावर पुन्हा म्हणालो, "माझ्या अंगात..." आणि ती पुन्हा फुटली. हसून हसून दमल्यावर ती म्हणाली, "थांबा जरा, दम घेऊ द्या."

एका दमात म्हणाली. मधे कुठेही तुटले नाही.

आर्डिथने तोंडावर हात दाबून धरला. टालबटबाईंनी नाक ओढले आणि रागावल्यासारखे म्हणाल्या, "पुरे आता, चल आत. उद्या पुन्हा." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मेल्या, तुझी दाढी शाबूत राहू दे." मित्रांनो, मला पुढे मानाची ढालही मिळाली, पण या आशीर्वादापुढे ती मला काहीच वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत वातावरण तापलेले. ड्रेक्सलरसाहेब टेबल बडवत होते.

"धड विसरलात? अख्खं धड? उद्या बोकड घरी ठेवून या आणि नुसता रुमाल दाखवा!"

कॅझ मान खाली घालून उभा होता. तो सामान आवरूनच आला होता. तेवढ्यात आर्डिथ हातातले मोजे न काढताच आत शिरली आणि तिने सगळे सांगितले. टाकी, कडी, हसणे, ते एका दमात म्हटलेले वाक्य. सांगता सांगता ती रडू लागली, मोज्यांवरचा निळा रंग गालाला लागला. साहेब ऐकत राहिले. मग टेलिफोन वाजला. पोह्यांच्या कंपनीचा माणूस होता, पलीकडून त्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. साहेबांनी त्याचे बोलणे संपेपर्यंत वाट पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "हो, डोकंच होतं नुसतं. मुद्दाम केलं होतं. कला आहे ती. तुम्हाला नाही कळायची." फोन ठेवून ते कॅझवर ओरडले, "पुन्हा अशी कला केलीस तर तुलाच धुऊन काढीन! जा, कामाला लाग."

पुढे माझे काय झाले ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी गोड तेवढेच उरेल. काही वर्षे मी आणखी गाजलो. मग रंगीत टीव्ही आला, धावणारे, नाचणारे नवे प्राणी आले, आणि माझा कार्यक्रम बंद पडला. स्टुडिओ विकला गेला. माझी राहिलेली पाने शेवटचे एकदा धुतली आणि त्यावर एक टूथपेस्टचा पेंग्विन काढला. आता फिल्मच्या काही रिळांत मी आहे, तीही डब्यात. क्वचित कुणी लावते. तरुण मंडळी बघतात आणि म्हणतात, "किती कमी हलतो हा!" म्हणोत बापडे. हलण्याची गोष्ट निघाली की मला लेनोर आठवते.

त्या गुरुवारनंतर ती रोज थोडी बाहेर राहू लागली. कधी जमायचे, कधी नाही. मधे ताप आला आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. ती रडायची, चिडायची, बर्निसशी भांडायची. पण टालबटबाईंचा हात कडीकडे गेला की आता किंचाळत नसे. रात्री झोपायला टाकी, दिवसा बाहेर, असे करत करत दुसरे वर्ष उजाडले.

मग एका गुरुवारी त्यांनी तिला चाकाच्या खुर्चीत बसवले. पाठीला पट्टा, मानेला उशी. आई आली होती, आर्डिथ होती, होबार्टसुद्धा आला होता, हातात टोपी चुरगाळत दाराशी उभा. टालबटबाईंनी खुर्ची ढकलत आणली आणि टीव्हीकडे तोंड करून उभी केली. मधे आरसा नाही, काही नाही. मी डब्यात होतो. माझे धड जागेवर होते, दहादा तपासलेले. मी मान उडवली. पहिल्यांदाच आम्ही दोघांनी एकमेकांकडे समोरासमोर पाहिले.

लेनोर बघत राहिली. तिच्या कपाळावर आठी पडली. ती थोडी पुढे झुकली आणि मोठ्याने म्हणाली, "मावशी! तुम्ही लोकांनी त्याचा कान चुकवलाय!"

सगळे रडत रडत हसले. होबार्टला तर दमच लागला, त्याला बसवून पाणी द्यावे लागले.

आयुष्यात माझी खूप स्तुती झाली, मित्रांनो, आणि मी ती आवडीने ऐकली. पण "याचा कान चुकलाय" एवढे मोठे कौतुक माझे कुणी केले नाही. म्हणून तुम्हाला एकच मागणे आहे. कुणी अडखळत, थांबत थांबत बोलत असेल तर त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. थांबा जरा. त्याला दम घेऊ द्या. त्याला काय म्हणायचे आहे ते त्याचे त्याला म्हणू द्या.

आणि पैजेचे म्हणाल, तर लेनोर शब्दाची पक्की निघाली. टालबटबाईंनी बशीभर लिमा घेवडा आणून ठेवला. तिने नाक मुरडत, माझ्याकडे रागाने बघत, एकेक दाणा खाल्ला. खुर्चीत बसून खाल्ला. एकही टाकला नाही.